उंदीर पडले की गाव सोडायचं: आठवीतल्या लेकीचा प्लेगवरचा प्रकल्प

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी आठवीत आहे. सकाळी नऊला मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या, निळ्या बसने शाळेत जाते, संध्याकाळी साडेसहाला घरी येते. इतिहासाच्या सरांनी 'प्लेगची साथ' या विषयावर वीस पानांचा प्रकल्प दिलाय, मुदत दहा दिवसांची. गावात वाचनालय नाही, घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर वावरात जातो. तालुक्याच्या गावी झेरॉक्सवाला पन्नास रुपयांत तयार प्रकल्प देतो. तो आणावा, की पोरीला रात्री जागवून लिहून घ्यावा? शेवटी त्यांनी असंही लिहिलंय, "प्लेग तर पुण्यामुंबईचा. आमच्या गावात बसून ती त्यावर काय लिहिणार?"

भाऊ, मी शेजारच्या नेर तालुक्यात सव्वीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवते आहे. तुमच्या पन्नास रुपयांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: आणू नका. खरी अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. प्लेग कुठेतरी दूर, मोठ्या माणसांच्या बाबतीत घडला असं पोरीने धरलं, की नकलेशिवाय तिच्या हातात काही उरत नाही.

हे मी स्वतः आपटी खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी मीही असाच विषय दिला होता, 'प्लेग: माहिती लिहा'. त्रेचाळीस वह्या आल्या, त्यातल्या तिसाच्या वर शब्दशः सारख्या. एकाने तर स्केचपेनने वेलबुट्टीची चौकट काढून पानाच्या तळाशी विकिपीडियावरची ओळही सुवाच्य अक्षरात उतरवली होती: 'हा लेख अपूर्ण आहे. यात भर घालण्यास मदत करा.' त्याच्या अक्षराला मी पूर्ण गुण दिले. त्याला तरी काय बोलणार? विषयच मी असा दिला होता की उतरवून काढण्यापलीकडे करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता काही गोष्टी तुमच्या सरांवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. आठवीला आकारिक मूल्यमापन असतं आणि प्रकल्प हा त्यातला एक भाग. वीस पानं म्हणजे मोजून वीस, की 'भरपूर लिहा' असं म्हणायचंय, हे पोरीने स्वतः वर्गात विचारावं. तुम्ही फोन करू नका. तिने एवढंच विचारायचं, "सर, मी आपल्या भागातल्या साथीबद्दल लिहिलं तर चालेल का?" बहुतेक शिक्षक हो म्हणतील, कारण एकच मजकूर चाळीस वेळा तपासून त्यांचेही डोळे दुखतात. नाहीच म्हणाले, तर पहिली पाच-सहा पानं पुण्यामुंबईची लिहायची आणि उरलेली आपली.

मग वेळ. रात्री जागवू नका. नऊ ते साडेसहा बाहेर असलेलं लेकरू घरी येऊन पाणी भरतं, भाकरी टाकतं, त्यात लाइटीचा भरवसा नाही. जेवणानंतर अर्धा तास, त्याहून जास्त धरू नका. पण तिच्या दिवसात इतर फटी आहेत. बसमध्ये हादऱ्यांमुळे लिहिता येत नाही, बोलता येतं. त्या बसमध्ये चार-पाच गावांच्या पोरी असतात. तिने सगळ्यांना एकच काम द्यावं: घरी आजीला विचारून या, 'साथ आली तेव्हा लोक कुठे जायचे?' दुसऱ्या दिवशी बसमध्येच चार गावांची उत्तरं मिळतील. खिचडीच्या सुट्टीत ती दोन-दोन ओळीत टिपून घ्यायची. आणि रविवारी ती कापूस वेचायला जात असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. दिवाळीनंतर आमच्याही वर्गात मागची दोन बाकं रिकामीच असतात. वेचणीला शेजारच्या ओळीत गावातल्या म्हाताऱ्या बाया असतात आणि हात चालू असला की त्या बोलतात. तिथे वही काढली की गप्प होतात. ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं.

पुण्यामुंबईची गोष्ट अर्ध्या तासात होते, ती इथेच देते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची कोठारं, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिनने शोधला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. मार्चच्या १० तारखेला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणलं. आजारी मुलगा वाचला, त्या वाचल्या नाहीत. त्याच महिन्यात पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. बाया-माणसांना तपासणं, देवघरात बूट घालून शिरणं, सामान रस्त्यावर आणून जाळणं यावरून लोक पेटले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तयार प्रकल्पांत एवढंच असतं आणि इथेच ते संपतात.

माझ्या मते प्लेगची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती खेड्यातल्या पोरीला शहरातल्या पोरीपेक्षा लवकर कळते. रँड रस्त्यात मारला गेला, तेव्हा रोग माणसापर्यंत कसा येतो हे सरकारला माहीतच नव्हतं. ते १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉं या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं: रोग उंदराचा, आणतो तो पिसू. उंदीर जिवंत असेपर्यंत पिसू त्याच्या अंगावर सुखाने असतो. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसू दुसरं ऊबदार अंग शोधतो, आणि घरात दुसरा उंदीर नसला तर ते अंग माणसाचं असतं. पिसू पायाला चावला की जांघेत गाठ येते, हाताला चावला की काखेत. म्हणून जुने लोक याला 'गाठीचा ताप' म्हणत. आता बघा, घर खणून काढलं, औषध फवारलं, सामान जाळलं, तर उंदीर काय करणार? शेजारच्या घरात जाणार. म्हणजे त्या झडत्यांनी लोकांचा अपमान तर केलाच, आणि रोग थांबवायचं म्हणून जे केलं त्यातलं बरंच उलट्या कामाचं होतं.

आणि ज्यांना अडाणी म्हणत, ते खेड्यातले लोक काय करत होते? वेचणीला बसलेल्या एका आजीने आमच्या वर्गातल्या मुलीला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं होतं: "माही आजी सांगे, घरात उंदीर पडला का वावरात बिऱ्हाड हालवा लागे. दिवा लावाले बी घरात कोणी येत नसे." उंदीर पडणे हा शब्दच बघा. आज कोणी तसं बोलत नाही, आपण उंदीर मेला म्हणतो. 'पडले' म्हणजे आढ्यातून, कौलातून टपाटप खाली पडले. जंतूचं नाव माहीत नाही, पिसवाचं कारण माहीत नाही, पण उंदीर पडले की माणसं मरतात हा क्रम त्यांनी बघितला होता. आणि वावरात खोपडी, म्हणजे झोपडं, घालून राहणं, म्हणजे उंदीर-पिसवांपासून लांब जाणं, हा त्या काळी हाताशी असलेल्या उपायांतला चांगला उपाय होता. तुमच्या पोरीने फक्त यावर चार पानं लिहिली तरी मी त्या वहीला वर ठेवीन. अर्थात सगळ्यांना जाता येत नसे. ज्याचं वावरच नाही त्याने खोपडी कुठे घालायची? गावकुसाबाहेरच्या माणसाने आणखी कुठे बाहेर जायचं? हे प्रश्न तिला सुचले तर सुचू द्या. नाही सुचले तर तुम्ही विचारा.

"आमच्या गावाशी संबंध काय" याचंही उत्तर आता जवळ आलं. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली होती. मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा ही सगळी तिच्यावरची गावं. वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून मुंबईला जायचा आणि येताना गाड्या माल आणि माणसं घेऊन यायच्या. धान्याच्या पोत्यात, कापसाच्या गाठीत उंदीर आणि पिसू फुकट प्रवास करतात, त्यांना तिकीट लागत नाही. म्हणूनच साथरोग कायद्यात रेल्वेच्या प्रवाशांना तपासायचा अधिकार मुद्दाम घातला होता. नागपुरात १९०२ च्या साथीत केशव हेडगेवार या तेरा वर्षांच्या मुलाचे आई आणि वडील एकाच दिवशी गेले. पुढे त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी तो तुमच्या पोरीच्या वयाचा एक मुलगा होता. एक सूचना: दारव्ह्याची मुलं हमखास लिहितात की प्लेग शकुंतलेने, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीने, आणला. मुंबईत प्लेग आला तेव्हा शकुंतला नव्हतीच, ती विसाव्या शतकातली. साल तपासायची सवय अशा चुकीतून चांगली लागते, म्हणून मी ती चूक वर्गात आधी होऊ देते.

आता सगळ्यात नाजूक काम, आणि इथे मोठी माणसंही फसतात. आजी 'साथ' म्हणते तेव्हा ती प्लेगबद्दलच बोलते असं नाही. आपल्याकडे चार साथींच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत: प्लेग, पटकी म्हणजे कॉलरा, देवी आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा. त्यात पुन्हा १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ. आज पंच्याहत्तरीच्या आजीने देवी-पटकी लहानपणी बघितलीही असेल, पण प्लेग, मानमोडी आणि ते दुष्काळ तिने बहुधा आपल्या आजीकडून ऐकलेले असतात. म्हणून पोरीने 'तो प्लेग होता का?' असं विचारू नये. आजी प्रेमाने 'हो' म्हणेल आणि विषय संपेल. विचारायचं ते असं: उंदरांचं काही सांगायचे का? गाठ यायची की हगवण-ओकारी लागायची? थंडीचे दिवस होते की पावसाचे? म्हातारी माणसं जास्त गेली की कर्ती-सवरती? उंदीर, गाठ, थंडीत वाढ आणि उन्हाळ्याचा कडाका पडला की ओसरणं, असं निघालं तर प्लेग. हगवण-ओकारी आणि मरीमायचं नाव आलं तर बहुधा पटकी. माता मायचं नाव आलं तर देवी. पावसाळा संपताना दोन-तीन आठवड्यांत घरातली तरणीताठी माणसं गेली असं असेल, तर मानमोडी. आणि काहीच जुळलं नाही तर वहीत तसंच लिहायचं, 'ही साथ कोणती हे मला ठरवता आलं नाही, कारण...' त्या 'कारण'च्या पुढे ती जे लिहील त्याला मी सगळ्यात जास्त गुण देते. सव्वीस वर्षांत फार तर दहा मुलांनी ते वाक्य लिहिलंय.

कागद हवा असेल तर तोही मिळतो, पण दोनच ठिकाणी जा, जास्त धावपळ करू नका. एक, गावात ज्याच्या घरी जात पडताळणी झाली असेल त्याच्याकडे कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल असते. आपण ती जातीच्या रकान्यासाठी काढतो, बाकी कोणी बघतच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पणजोबांच्या भावाची मृत्यूची नोंद आणली होती, मोडीसारख्या वळणाच्या बाळबोधीत. कारणाच्या जागी फक्त 'ताप'. आम्ही अख्खा तास त्या एका शब्दावर घालवला. प्लेगलाही ताप येतो, हिवतापालाही येतो, आणि नोंद करणारा कोतवाल काही डॉक्टर नव्हता. निष्कर्ष निघाला नाही, पण पोरं घंटा झाल्यावरही उठेनात.

दुसरं ठिकाण म्हणजे गावातली किंवा शेजारच्या मोठ्या गावातली जुनी प्राथमिक शाळा. तिथल्या कपाटात दाखलखारीज, म्हणजे मुलांची नावं घातल्या-काढल्याचं, रजिस्टर असतं, काही शाळांत शंभर वर्षांच्याही मागचं. आमच्या भागातल्या अशा एका रजिस्टरमध्ये मी एकाच महिन्यात लागोपाठ नऊ मुलांची नावं कमी केलेली बघितली. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यापुढे 'गैरहजर', खाली आठ वेळा 'सदर', 'सदर'. शाई फिकट तपकिरी झालेली, एका नावावर वाळवीने खाल्लेलं भोक. ती नऊ पोरं वावरातल्या खोपडीत होती, दुष्काळात आईबापामागे कामावर गेली होती, की नुसती वेचणीला? रजिस्टर सांगत नाही. पण शाळेचा एक दिवस असाही असतो, ज्या दिवशी मास्तर हजेरी घेतो आणि कोणी 'हजर' म्हणत नाही, हे तुमच्या पोरीला त्या पानावरून जेवढं कळेल तेवढं माझ्या शिकवण्याने कळणार नाही. फोटो काढायचा असेल तर मुख्याध्यापकांना विचारून, आणि नावं-जाती झाकून. ती माणसं कोणाचे तरी पणजोबा आहेत.

शेवटची चार-पाच पानं तुमच्याच घरात आहेत. तुम्ही चाळिशीचे असाल तर १९९४ मध्ये शाळेत असाल. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सुरतेत प्लेग निघाला, सुरतेहून लोक मिळेल त्या गाडीने पळाले. तेव्हा तुमच्या गावात काय अफवा होत्या, कोण तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, हे तिला सांगा. इतिहासाची मौखिक साधने म्हणून पुस्तकात जे येतं, ते म्हणजे तुम्ही. आणि २०२० च्या मार्चमध्ये सरकारने जो कायदा लावला तो हाच, १८९७ चा. गावाच्या वेशीवर काट्या टाकून रस्ता बंद केला होता, ते तिने स्वतः बघितलं असेल, तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. एक पान तिला तिच्याच आठवणीचं लिहू द्या. फक्त ज्या घरात २०२१ मध्ये माणूस गेलं, तिथे प्रश्न घेऊन जाऊ नये. एकदा माझी एक मुलगी माझ्याच सांगण्यावरून अशा घरी गेली आणि रडत परत आली. ती चूक पूर्णपणे माझी होती.

लिहिताना क्रम असा ठेवा: सुरुवातीला तिचा स्वतःचा एकच प्रश्न, मग पुण्यामुंबईची हकिकत थोडक्यात, उंदीर-पिसवांचं चित्र, रेल्वेचा हाती काढलेला नकाशा, मग बसमधल्या चार गावांची उत्तरं, रजिस्टरचं पान आणि घरची आठवण. कोणी सांगितलं, त्यांचं वय काय आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकलं हे प्रत्येक ठिकाणी लिहायचं. मोठ्या अक्षरात वीस पानं सहज भरतात. नाही भरली तर सोळा द्या. गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचा, नाद मात्र या वेळी नको. वऱ्हाडच्या जिल्ह्यांची गॅझेटिअरं १९०८ ते १९११ च्या दरम्यान छापली गेली आणि ती मोबाइलवर उघडतातही, पण इंग्रजी जुनं आहे आणि दहा दिवस थोडे आहेत. दहावी झाल्यावर बघेल.

येत्या शनिवारी सकाळची शाळा असेल, साडेअकरापर्यंत सुटेल. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना शुक्रवारीच फोन करून ठेवा, नाहीतर कपाटाची किल्ली नेमकी दुसऱ्याच गुरुजींकडे असते. आणि शनिवारी निळ्या बसची वेळ बदलत असेल तर तिला घ्यायला तुम्हीच जा, मोबाइल घेऊन. रजिस्टरचा फोटो काढायला तो लागेल.